गाठ मारलेली तार

बीटल्सची गाणी मी कॅसेटवर ऐकायला लागलो, तेव्हा गाण्याच्या नावापुढे कंसात छापलेली आडनावे वाचायची मला खोड होती. बहुतेक ठिकाणी लेनन आणि मॅकार्टनी हीच जोडी असे. 'बीटल्स फॉर सेल' या 1964 च्या संचात मात्र दोन गाण्यांपुढे 'पर्किन्स' हे एकटेच नाव होते. त्याच वर्षी त्यांनी गायलेल्या 'मॅचबॉक्स'पुढेही तेच. स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या या मुलांनी एकाच माणसाची तीन गाणी उचलावीत, तर हा माणूस कोण? एवढ्याच कुतूहलातून सुरू झालेला शोध नंतर बरीच वर्षे चालला.

कार्ल पर्किन्स हे नाव ज्यांना माहीत असते त्यांना ते 'ब्लू स्वेड शूज' या 1956 सालच्या गाण्यामुळे माहीत असते. गाणे गाजत असतानाच, टीव्हीवरच्या मोठ्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना मार्च 1956 मध्ये त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. तो अंथरुणाला खिळलेला असताना तेच गाणे एल्विस प्रेस्लीने टीव्हीवर गायले. त्यामुळे 'थोडक्यात हुकलेला एल्विस' अशीच त्याची गोष्ट सांगितली जाते. हुकण्याच्या गोष्टी लोकांना आवडतात. पण त्या गोष्टीत एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो: हा माणूस जे वाजवत होता ते त्याला कुणी शिकवले?

हा प्रश्न एकट्या पर्किन्सपुरता नाही. तो जे गात होता त्याला रॉकॅबिली म्हणतात. 'रॉक' आणि 'हिलबिली' हे दोन शब्द जोडून तो शब्द तयार झाला. हिलबिली म्हणजे डोंगराळ मुलखातला अडाणी गोरा. मुळात हिणवण्याचाच शब्द. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी 1920 च्या दशकात दक्षिणेकडचे संगीत दोन वेगळ्या याद्यांत विकायला सुरुवात केली. कृष्णवर्णीयांच्या यादीला त्यांनी 'रेस' म्हटले आणि गोऱ्या खेडुतांच्या यादीला 'हिलबिली'. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने 'रेस' हा शब्द टाकून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव घेतले ते 1949 मध्ये. या दोन याद्यांवरूनच पुढच्या लेखकांनी एक सोपे गणित मांडले: कृष्णवर्णीयांचे ब्लूज अधिक गोऱ्यांचे कंट्री, बरोबर रॉकॅबिली. ही बेरीज जुलै 1954 मध्ये मेम्फिस शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत एल्विसच्या तोंडून झाली, असे मानतात. पर्किन्सचे बालपण पाहिले की हे गणित चुकते.

कापसाचे रान

कार्ल पर्किन्सचा जन्म 9 एप्रिल 1932 चा. टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीच्या काठी टिप्टनविल नावाचे गाव आहे, त्याच्या आसपासचा. जन्मदाखल्यावर आडनावसुद्धा धड लिहिलेले नाही. पर्किन्सचे 'पर्किंग्ज' झाले आहे. वडील बक आणि आई लुईस हे दोघे वाट्याने शेती करणारे. जमीन मालकाची, राबणे यांचे, आणि पिकाचा ठरलेला वाटा मालकाचा. बी-बियाणे, अवजारे, किराणा हे सारे उधारीवर यायचे आणि हंगामाच्या शेवटी वाट्यातून वळते व्हायचे. यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने गेली, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. त्यातून ही पद्धत रुजली. पुढे तीत मुक्त झालेले कृष्णवर्णीय जितके अडकले तितकेच भूमिहीन गोरेही अडकले. आपल्याकडे बटईने शेती केलेल्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

कार्ल सहाव्या वर्षापासून कापसात जाऊ लागला. शाळेच्या दिवसांत शाळा सुटल्यावर, आणि उन्हाळ्यात बारा ते चौदा तास. लांबलचक कापडी झोळी खांद्यात अडकवून मागे ओढत न्यायची आणि ओळीने कापूस वेचायचा. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोके बोटांना कशी टोचतात हे ज्याने कापूस वेचला आहे त्यालाच कळेल. कार्ल आणि त्याचा थोरला भाऊ जे, या दोघांना मिळून दिवसाला 50 सेंट मिळत.

या रानात गोरे आणि कृष्णवर्णीय मजूर शेजारच्या ओळींत राबत. एरवी त्यांचे जग कायद्याने वेगळे केलेले होते. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एका शाळेत बसवायचे नाही, हे टेनेसीच्या 1870 च्या राज्यघटनेतच लिहिलेले होते. चर्च वेगळी, वस्त्या वेगळ्या. पण गाण्याला कुंपण घालता येत नाही. वेचणी चालू असताना कुणीतरी ओळ उचलायचे, दुसरीकडून तिला उत्तर यायचे आणि दिवस त्यावर सरकायचा. पर्किन्सच्या कानावर रविवारी चर्चमध्ये गोऱ्यांची भक्तिगीते पडत आणि उरलेले सहा दिवस हे रानातले गाणे.

तिसरा गुरू रेडिओ. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून 1925 पासून दर शनिवारी रात्री 'ग्रँड ओल ऑप्री' हा गाण्याचा कार्यक्रम लागे. पर्किन्सच्या घरी तो बॅटरीवरच्या रेडिओवर ऐकला जाई. त्यातल्या रॉय एकफचे गाणे ऐकून पोराने गिटारचा हट्ट धरला. विकत घ्यायची ऐपत नव्हती. बापाने सिगारचे खोके आणि झाडूचा दांडा जोडून एक वाद्य करून दिले. पुढे अडचणीत आलेल्या एका शेजाऱ्याने आपली पोचे पडलेली, ओरखडलेली गिटार विकायला काढली. पडद्यावरचा गाणारा काउबॉय जीन ऑट्री याच्या नावाने विकली जाणारी ती स्वस्त गिटार बकने दोनेक डॉलर देऊन घेतली. तारा जुन्याच होत्या.

जॉन वेस्टब्रुक

त्याच शेतावर जॉन वेस्टब्रुक नावाचे एक कृष्णवर्णीय मजूर होते. वय साठीच्या पुढे. दिवसभर कापसात राबून झाल्यावर ते संध्याकाळी जुनी गिटार घेऊन बसत आणि ब्लूज आणि भक्तिगीते वाजवत. कार्ल त्यांच्याजवळ जाऊन बसू लागला. वेस्टब्रुक यांनी त्याला गिटारवर ओणवे व्हायला सांगितले. कान लाकडाजवळ ने, तारेची थरथर डोक्यातून आत उतरू दे, असे. ही शिकवण पर्किन्सने आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगितली आहे. स्वरलिपी नाही, पुस्तक नाही, धडा नाही. जवळ बसणे आणि अंगाने ऐकणे एवढेच.

पर्किन्स त्यांना 'अंकल जॉन' म्हणे. इथे मराठी वाचकाने जरा थांबायला हवे, कारण मी स्वतः बरीच वर्षे इथे फसलो होतो. माझ्या जुन्या टिपणवह्यांत मी सर्रास 'जॉनकाका' लिहिले आहे. आपल्याकडे परक्या वडीलधाऱ्याला काका म्हटले की त्यात आपुलकी येते आणि मानही येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत तसे नव्हते. गोरी माणसे कृष्णवर्णीय पुरुषाला 'मिस्टर' म्हणत नसत. तो तरुण असला तर 'बॉय', म्हातारा झाला की 'अंकल'. आडनावासह मान द्यायचा नाही, म्हणून काढलेली ती पळवाट होती. शेतावरच्या सात-आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी तो शब्द मायेचाच असणार. पण तो त्याने निवडलेला नव्हता, त्याच्या समाजाने त्याच्या हाती दिलेला होता. म्हणून या लेखात पर्किन्ससाठी, आपल्या पद्धतीप्रमाणे कलावंताला लावतो तसा, 'तो' आहे आणि वेस्टब्रुक यांच्यासाठी 'ते' आहे. हयातीत त्यांच्या वाट्याला न आलेला मान आपल्या भाषेला देता येतो, तर तो का देऊ नये?

वेस्टब्रुक यांचे एकही ध्वनिमुद्रण आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते त्यांच्या शिष्याच्या आठवणींतून.

घसीट आणि मींड

आता तारेची गोष्ट. पर्किन्स सांगे की तार तुटली तर नवी आणायला पैसे नसत. मग तीच गाठ मारून पुन्हा चढवायची. बोट तारेवरून घसरवत पुढच्या सुरावर नेताना ती गाठ बोट कापायची. म्हणून त्याने घसरवणे सोडले आणि तार जागच्या जागी आडवी ओढून सूर वर न्यायला सुरुवात केली.

सतार ऐकणाऱ्याला यातला फरक लगेच कळेल. तारेवर बोट सरकवत जाणे ही घसीट. एकाच पडद्यावर तार ओढून वरचा सूर काढणे ही मींड. तार ओढली की ताण वाढतो आणि सूर चढतो. मींडेत दोन पडद्यांच्या मधल्या जागाही वाजवता येतात, आणि ब्लूजचा सारा जीव अशाच जागांत आहे. ज्याला पाश्चात्त्य अभ्यासक 'ब्लू नोट' म्हणतात त्यातला मुख्य सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी हलत असतो. पियानोवर तो सापडत नाही. गिटारवर कोमल गंधार धरून तार ओढली की सापडतो.

गोष्ट इतकी गोड आहे की मला तिचा संशय आला. मी वादक नाही, पण घरातल्या जुन्या गिटारची तार तोडून गाठ मारून पाहिली. तार घोडीजवळ तुटली तर गाठ घोडीजवळच पडते आणि बोटांना ती आडवी येतच नाही. खुंटीच्या बाजूला तुटली तर मात्र गाठ दांडीवर, पहिल्या काही पडद्यांच्या आसपास येऊ शकते, आणि मग त्या भागात घसीट घेणे खरोखर अवघड होते. पोलादी तारेची गाठ बोटाला चांगलीच लागते. म्हणजे गोष्ट घडण्यासारखी आहे.

तरीही ती अर्धीच आहे. तार ओढून सूर वाकवणे ही कृष्णवर्णीय गिटारवादकांची पर्किन्सच्या जन्माआधीपासूनची रीत होती. गाठीने फक्त एक रस्ता बंद केला. कुठे पोचायचे ते कानाला आधीच ठाऊक होते. तो सूर रानातल्या गाण्यात होता, वेस्टब्रुक यांच्या बोटांत होता. गरिबीने शोध लावला अशी गोष्ट सांगायला सोपी जाते आणि शिकवणारा माणूस तिच्यातून अलगद निसटतो. पर्किन्सच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याने स्वतः ही चूक केली नाही. वेस्टब्रुक यांच्या संथ ब्लूजला आपण फक्त वेग दिला, असेच तो सांगत आला.

बोंड नावाचा गुत्ता

जानेवारी 1947 मध्ये हे कुटुंब मॅडिसन परगण्यात, जॅक्सन शहराजवळ आले. जवळच बीमिस ही कापडगिरणीची वसाहत. पोती आणि पिशव्या बनवणाऱ्या कंपनीने 1900 साली वसवलेली. इथे घरात वीज होती. बॅटरी संपण्याची भीती न बाळगता रेडिओ लावता येत होता आणि मेम्फिसची केंद्रे आता जवळ आली होती.

पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच कार्ल आणि जे रस्त्याकडेच्या गुत्त्यांत वाजवू लागले. पहिल्या गुत्त्याचे नाव 'कॉटन बोल', म्हणजे कापसाचे बोंड. दिवसभर जे वेचायचे त्याच्याच नावाच्या जागी रात्री वाजवायचे. पगार नव्हता, गिऱ्हाइके खुशीने टाकतील ते पैसे आणि फुकटची बिअर. गिऱ्हाइके म्हणजे गिरणीतले आणि शेतावरचे मजूर; आठवडाभर दमलेले, नाचायला आलेले आणि मारामारीला तयार. अशा जागी संथ, रडवी गाणी चालत नाहीत. ठेका हवा, आणि तो गोंगाटाच्या वर ऐकू यायला हवा. ढोलवाला नव्हता. धाकटा भाऊ क्लेटन याला उभ्या बास व्हायोलिनवर बसवले. त्याच्या जाड तारा ओढून दांडीवर आपटल्या की सुराबरोबर टपटप ठेकाही निघतो. जे ताल गिटार वाजवे आणि कार्ल गाता गाता मधल्या जागा आपल्या तारेने भरे. पुढे डब्ल्यू. एस. हॉलंड हा तरुण ढोलावर आला. आधी त्याने ढोल वाजवलेलाही नव्हता. फक्त ठेका पक्का होता.

पोट मात्र गाण्यावर भरत नव्हते. कापूस, दुग्धशाळा, गाद्यांचा कारखाना, बॅटऱ्यांचा कारखाना आणि मग पावाच्या भट्टीत साचांना तेल लावण्याचे काम. मधूनमधून जॅक्सनच्या रेडिओ केंद्रावर पहाटेच्या शेतकरी कार्यक्रमात हजेरी. जानेवारी 1953 मध्ये व्हाल्डा क्रायडर हिच्याशी लग्न झाले. भट्टीतले काम निम्म्यावर आले तेव्हा, पूर्णवेळ वाजव, असे तिनेच सांगितले. ती स्वतः नोकरी करत होती. आठवड्याच्या सहा रात्री वाजवणे सुरू झाले.

मेम्फिसचा रस्ता

जुलै 1954 मध्ये या नवरा-बायकोने रेडिओवर एल्विस प्रेस्लीचे 'ब्लू मून ऑफ केंटकी' ऐकले. हे गाणे मुळात बिल मन्रोचे, 1946 मध्ये ध्वनिमुद्रित झालेले, तीन मात्रांच्या संथ चालीतले. एल्विसने ते चार मात्रांत, धावत्या लयीत घेतले होते. पर्किन्स बंधू गुत्त्यांत हेच गाणे असेच पळवत असत. मेम्फिसमध्ये कुणालातरी हे कळते आहे, तिथे गेलेच पाहिजे, असा निर्णय त्या घरात झाला. आधी ज्या मोठ्या कंपन्यांना त्याने फिती पाठवल्या होत्या त्यांच्याकडून साधे उत्तरही आले नव्हते.

ऑक्टोबर 1954 मध्ये भाऊ मेम्फिसला सन रेकॉर्ड्सच्या दारात उभे राहिले. मालक सॅम फिलिप्स स्वतः अलाबामाच्या शेतावर वाढलेला. त्याला भावले ते कार्लने चौदाव्या वर्षी रचलेले 'मूव्ही मॅग'. मुलीला जनावराच्या पाठीवर बसवून सिनेमाला न्यायचे आहे आणि दाराआड तिच्या बापाची दुनळी बंदूक आहे, एवढाच विषय. शहरात बसून कुणाला सुचणार नाही असे गाणे. ते 19 मार्च 1955 रोजी बाजारात आले.

या तारखा मी मुद्दाम दिल्या, कारण त्या एकापुढे एक ठेवल्या की एल्विसने बेरीज केली आणि इतरांनी ती उतरवून घेतली, हे चित्र टिकत नाही. जॅक्सनच्या गुत्त्यांत ते संगीत आधीच रुजले होते. स्टुडिओने त्याला नाव आणि बाजार दिला.

आता त्या गणिताकडे परत येऊ. 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे गणिताच्या 'गोऱ्या' बाजूचे गाणे. पण बिल मन्रोने स्वतः सांगून ठेवले आहे की लहानपणी केंटकीत आपण आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाच्या साथीला वाजवत असू आणि त्याच्याकडून शिकलो. कंट्री संगीताचा शिरोमणी मानला जाणारा हँक विल्यम्स अलाबामात रुफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाच्या मागे फिरून शिकला. कार्टर कुटुंबाचे ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला जात तेव्हा लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय वादक बरोबर असत. चाल लक्षात ठेवण्याचे काम त्यांचे. शुल्ट्झ 1931 मध्ये गेले, पेन 1939 मध्ये. दोघांचेही ध्वनिमुद्रण नाही. म्हणजे ज्याला गोऱ्यांचा ढीग म्हणतात त्याच्या तळाशीही वेस्टब्रुक यांच्यासारखीच माणसे आहेत. दोन याद्या कंपन्यांच्या दुकानात होत्या. रानात आणि ओसरीवर एकच होती.

शेवटी 'मॅचबॉक्स'. 4 डिसेंबर 1956 रोजी पर्किन्स सन स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होता. पियानोवर जेरी ली लुईस होता. दुपारी एल्विसही तिथे डोकावला. बापही आलेला होता. बकने सुचवले की ते काड्यापेटीचे जुने गाणे घ्या. त्याला त्यातल्या दोन-तीनच ओळी आठवत होत्या. त्या धरून पर्किन्सने तिथल्या तिथे गाणे उभे केले. त्या ओळी टेक्सासचे अंध ब्लूज गायक ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्या 1927 सालच्या ध्वनिमुद्रिकेत आहेत. कापसात राबणाऱ्या एका गोऱ्या बापाच्या डोक्यात त्या तीस वर्षांनीही शिल्लक होत्या.

पर्किन्स 19 जानेवारी 1998 रोजी वारला. तोवर त्याने वेस्टब्रुक यांचे नाव घेणे सोडले नाही, म्हणून तेवढे एक नाव तरी आपल्याला माहीत आहे. माझ्या कॅसेटवर 'मॅचबॉक्स'पुढच्या कंसात एकच नाव छापलेले आहे. पूर्वी ते वाचून मी पुढच्या गाण्याकडे वळत असे. आता त्या कंसाशी थोडा रेंगाळतो आणि जेफरसन, बक पर्किन्स, जॉन वेस्टब्रुक ही नावे मनातल्या मनात म्हणून मग गाणे लावतो.